तिसऱ्या पायरीवरच्या चपला

सहावी फेरी संपत आली होती. पाण्यात तोंड असतानाही मला शिट्टी ऐकू आली. एक, लगेच दुसरी. तिसरी वाजली तेव्हा मी मान वर काढून बघितलं. घाटाच्या पायऱ्यांवर अप्पा दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत होते. म्हणजे बाहेर ये.

मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. सत्त्याण्णव मिनिटं. इतक्या चांगल्या वेळेत मी आजवर कधीच नव्हते. आठ फेऱ्या दोन तास दहा मिनिटांत करायच्या होत्या. सहा झाल्या होत्या आणि उरलेल्या दोनसाठी तेहतीस मिनिटं हातात होती. माझी एक फेरी, ह्या काठापासून त्या काठापर्यंत, सोळा मिनिटांची. आज जमणार होतं.

“काय झालं?” पायरीला हात लावून मी ओरडले.

“बाहेर ये.”

“अहो पण का?”

“आधी बाहेर ये, मग सांगतो.”

मी दोन पायऱ्या चढले आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिले. ऑक्टोबरचं पाणी गार होतं, पण रागाने माझी कानशिलं तापली होती.

“उजवा हात पडायलाय तुझा,” अप्पा म्हणाले. “तिरकी निघालीस. लांबच्या पाण्यात असलं चालत न्हाई. बास आजच्याला.”

“आजच्याला बास म्हणजे? आज शेवटची परीक्षा आहे ना माझी? तीन आठवड्यांनी विमानात बसायचंय.”

“मग नको बसू. पुढच्या वर्षी जा.”

हे त्यांनी किती सहज सांगितलं. पुढच्या वर्षी! जणू मी सिनेमाला निघाले होते आणि तिकिटं संपली होती.

अप्पा म्हणजे अण्णाप्पा चौगुले. अडुसष्ट वर्षांचे, सगळा जन्म पाण्याच्या कडेला गेलेला. तीस वर्षं त्यांनी पोहण्याच्या तलावावर जीवरक्षकाची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर करंजमाळाच्या तळ्यावर आमच्यासारख्या उशिरा जाग आलेल्यांना पोहायला शिकवायला लागले. कोल्हापुरात तेव्हा ट्रायथलॉनचं वेड नुकतं शिरत होतं. आम्ही सहाजण होतो. पाच पुरुष आणि मी. आधी पावणेचार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, मग बेचाळीस किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं एका दिवसात. कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसायचा आणि मग विचारायचा, “पण का?”

का, ते मला नीट माहीत होतं. चाळिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली. त्या दिवसापासून सगळ्या घराने, सगळ्या गल्लीने मला बसवून ठेवलं. शैला, वजन उचलू नकोस. शैला, आता वय झालं, आराम कर. माझा मिरची कुटायचा डंक आहे, उन्हाळ्यात दिवसाला पोत्यांनी चटणी होते, तिथेही माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. मी त्या खुर्चीत बसायचे आणि अंगाला मुंग्या यायच्या. बसणं हे काय काम आहे का? मुलगी पुण्याला शिकायला गेली, नवरा पोस्टात, घरात मी आणि भिंती. एक दिवस उठले आणि पळायला लागले, तो प्रकार तीन वर्षांत इथवर आला होता. पळणं जमलं, सायकल जमली. पाणी मात्र मला दाद देत नव्हतं. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पाठीला डबा बांधून मी पोहायला शिकले, तेही अप्पांकडे. त्यांनी ‘जा’ म्हटल्याशिवाय स्पर्धेला जायचं नाही, हा आमच्यातला शब्द होता.

“माझा हात पडलेला नाही,” मी म्हणाले. “घड्याळ बघा. सत्त्याण्णव मिनिटं.”

“घड्याळ गेलं खड्ड्यात. आधी चपला घाल.”

इथे चपलांचं सांगायला हवं.

घाटाच्या तिसऱ्या पायरीवर पोहणाऱ्याने चपला काढायच्या, ओळीत, पाण्याकडे तोंड करून. बाहेर आलं की पहिल्यांदा चपला घालायच्या. अंग पुसणं नंतर, पाणी पिणं नंतर, बोलणंही नंतर. पायात चपला असतील तर माणूस बाहेर आणि पायरीवर असतील तर माणूस पाण्यात. अप्पा दर दहा मिनिटांनी खाली वाकून त्या मोजायचे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते एकदाच, त्याच त्या शब्दांत एक हकीकत सांगायचे. ते नोकरीला होते त्या तलावावर एका संध्याकाळी एक जोडी उरली. नवीकोरी होती. अप्पांना वाटलं, कुणीतरी विसरून गेलं. त्यांनी ती पुसली, कचेरीच्या खिडकीत नीट ठेवली आणि उद्या येईल तो म्हणून कुलूप लावून घरी गेले. माणूस पाटबंधारे खात्यात बदलून आलेला कारकून होता, गावात त्याला कुणी ओळखत नव्हतं, त्यामुळे रात्रभर कुणी शोधलंही नाही. सकाळी तो वर आला. “मी त्याच्या चपला पुसून ठेवल्या,” एवढंच म्हणून अप्पा थांबायचे आणि नव्या माणसाला म्हणायचे, “हं, काढ चपला. सरळ ठेव.”

हे सगळं मला माहीत होतं. तरीही त्या सकाळी मी म्हणाले, “नाही घालणार.”

“शैला.”

“मी बाहेर आलेलीच नाही, अप्पा. माझ्या दोन फेऱ्या राहिल्यात. तुम्ही शिट्टी वाजवली म्हणून थांबले. तुम्हाला मला पाठवायचंच नाही, असं स्पष्ट सांगा की. बाई आहे म्हणून. वय झालं म्हणून. सगळे तेच म्हणतात, तुम्हीही म्हणा.”

“तसं न्हाई गं...”

“मग कसं?”

ते माझ्याकडे बघत होते आणि बघत नव्हतेही. त्यांची ती नजर मला तेव्हा फार अपमानाची वाटली. माणूस समोर उभं आहे आणि हा गृहस्थ त्याच्या खांद्यापलीकडे तळं न्याहाळतोय! मी गॉगल खाली ओढला आणि पाण्यात अंग झोकलं. मागून शिट्टी वाजली. मी ऐकली आणि हात आणखी जोरात मारला.

त्या वेळी घाटावर दुसरं कुणी नव्हतं. बाकीचे पाचहीजण आपापल्या फेऱ्या उरकून, चपला घालून, सायकली काढून गेले होते. रविवारी आमचा तसाच शिरस्ता असायचा, आधी पोहायचं आणि मग सायकल. माझा नवरा सदानंद नऊच्या सुमारास चहाचा थर्मास घेऊन यायचा. तोवर अप्पा एकटे.

सातवी फेरी मी कशी पोहले ते मला आठवत नाही. डोक्यात भांडण चालू होतं. अप्पांना काय काय बोलायचं राहिलं ते मी पाण्याला सांगत होते. समोरचा काठ आला तेव्हा घड्याळात पंधरा मिनिटं झाली होती. पंधरा! माझी आजवरची सगळ्यात वेगवान फेरी, आणि ती बघायला कुणी नाही. तिथून वळायचं आणि परत जायचं. परत जाऊन काय करायचं? हात पडतोय हेच ऐकायचं?

मी रागाच्या भरात थोडी उजवीकडे, लव्हाळ्याच्या बाजूला सरकले होते. तिथे पाण्यापर्यंत आलेला एक भाजीचा मळा आहे. बांधावरून कुणीतरी हाक मारली.

“कोण ते? डंकवाल्या शैलाताई न्हवं?”

हौसाक्का होती. दर वर्षी माझ्याकडे दहा किलो चटणी कुटायला आणणारी. कमरेला पदर खोचून मेथी काढत होती.

“काय हे ताई, एवढ्या सकाळी पाण्यात? ये की वर. च्या टाकतो.” आमच्याकडच्या बायका स्वतःला पुरुषासारखंच ‘टाकतो, जातो’ म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही.

मी घाटाकडे बघितलं. लांब, पायऱ्यांवर अप्पांचा पांढरा सदरा दिसत होता. माझ्या डोक्यावर भडक नारिंगी टोपी होती, ती तळ्याच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसावी म्हणूनच घालतात. मी बाहेर निघालेली त्यांना दिसणारच, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर त्याहून वाईट विचार मनात आला. बसू दे म्हाताऱ्याला वाट बघत.

आणि मी लव्हाळ्यातून वर चढले.

हौसाक्काने तिचा गाऊन दिला, डोक्याला गुंडाळायला टॉवेल दिला, पायात घालायला आपल्या रबरी स्लिपर दिल्या. खोपटासमोर बाज टाकली. चहा झाला. मग ती म्हणाली भाकरी टाकते, वांग्याचं कालवण कालचं आहे, चालेल का? मला भूकही लागली होती. तिने भाकरी थापली, मी खाल्ली, दुसरीही खाल्ली. तिची सून कशी उशिरा उठते ते तिने सांगितलं. मी अप्पांविषयी सांगितलं.

“मग न्हाई म्हणाले तर न्हाई जायचं?” तिने विचारलं.

“तोच तर प्रश्न आहे.”

“मी असतो तर गेलो असतो बघ. मागनं काय म्हणायचं ते म्हणू देत.”

हे ऐकून मला फार बरं वाटलं. तरी बाजेवर स्वस्थ बसवत नव्हतं. उठत होते, दोन पावलं टाकत होते, पुन्हा बसत होते. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, गॅस चालू ठेवून घराबाहेर पडल्यावर वाटतं तसं. मी ते रागाच्या खात्यात टाकलं. दहा वाजत आले तेव्हा हौसाक्काला म्हणाले, “येते मी. गाऊन उद्या पाठवते.” पोहत परत जायची इच्छा नव्हती. बांधावरून घाटापर्यंत दोन किलोमीटर चालत निघाले.

अर्ध्या वाटेवर होते तेव्हा घंटा ऐकू आली. अग्निशमनची गाडी. नवल वाटलं. वळणावरून घाट दिसला, तर तिथे ही गर्दी. मोटरसायकली आडव्यातिडव्या लावलेल्या, बायका तोंडाला पदर लावून उभ्या, गाडीवरचे लोक दोर सोडतायत. मी चालण्याचा वेग वाढवला. कडेला एक म्हातारा उभा होता, त्याला विचारलं, “काय झालं हो?”

“बाई बुडाली एक.”

“अगंबाई! कोण?”

“चटणीचा डंक हाय न्हवं स्टँडामागं, ती. सकाळी पोहायला उतरली, ती वर आलीच न्हाई. लई खटपटी होती म्हणं.”

मला क्षणभर काहीच कळलं नाही. खरंच मनात आलं, स्टँडामागे दुसरा कुणाचा डंक आहे? मग कळलं. आणि कळल्यावर पहिल्या झटक्याला मला काय वाटलं, ते मी बारा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. माझ्यासाठी इतकी माणसं धावून आली होती. तो गोडवा एखादा श्वासभर टिकला असेल. मग गर्दीच्या फटीतून मला तिसरी पायरी दिसली.

पायरीवर सदानंद बसला होता. शेजारी थर्मास. माझ्या चपला त्याने मांडीवर घेतल्या होत्या आणि त्यांच्या तळव्यांना लागलेली माती तो अंगठ्याने काढत होता. एकेक खडा काढून बाजूला ठेवत होता, जणू त्या कुणाला तरी घालायला द्यायच्या आहेत.

पाण्यात आमच्यातला किरण बोंगाळे होता, सायकलींवरून परत आलेले बाकीचे चौघे होते आणि त्यांच्या मधोमध अप्पा. किरण त्यांना दंडाला धरून ओढत होता आणि ते हात सोडवून घेत होते.

“बास आता अप्पा! तासभर झाला! गाडीवाले आलेत, त्यांना बघू द्या!”

“सोड. इथंच कुठंतरी हाय ती. सोड मला.”

आणि ते पुन्हा खाली गेले. अडुसष्ट वर्षांचा माणूस. वर आले तेव्हा दोन्ही मुठींत गाळ होता. तो त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि टाकला. ओठ काळेनिळे पडले होते. खोकत होते. पुन्हा खाली जायला निघाले.

मी ओरडले, पण त्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही. गर्दी ढकलत मी पायऱ्या उतरले. गाऊनमधली, डोक्याला टॉवेल बांधलेली बाई मी आहे, हे कुणाच्या ध्यानातही येईना. “अहो ताई, मागं व्हा,” म्हणून एकाने मला हटकलंसुद्धा. मी तशीच पाण्यात उतरले, कमरेपर्यंत, अप्पांच्या अगदी समोर.

“अप्पा, मी आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन हातांवरून.

“कोण?” ते म्हणाले. “कोण हाय?”

“मी. शैला.”

त्यांनी हात पुढे केला आणि माझा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. गाळाने माखलेला हात. किरणने तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली, मला की देवाला कुणास ठाऊक.  माझ्या मनगटाला धरून अप्पांनी मला पायऱ्यांवर आणलं, तिसऱ्या पायरीपर्यंत.

“चपला घाल,” ते म्हणाले.

मी हौसाक्काच्या स्लिपर काढल्या. सदानंदने मांडीवरच्या चपला खाली ठेवल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी त्या पायात घातल्या. अप्पांनी वाकून हात लावला, पायात चपला आहेत की नाहीत ते बघितलं आणि मग तिथेच पायरीवर खाली बसले. बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. चाळीस-पन्नास माणसं बघत होती.

सदानंद माझा हसरा नवरा आहे. कशावरही कोटी करेल, अगदी मयतीतून येतानाही. त्या दिवशी स्कूटरवरून घरी येईपर्यंत तो बोलला नाही. दार उघडल्यावर म्हणाला, “पाऊण तास मी विधुर होतो, शैला. मुलीला फोन लावायला घेतला होता. नंबर अर्धा दाबला होता.” पुढचे चार दिवस तो माझ्याशी त्याहून जास्त काही बोलला नाही.

मंगळवारी मी अप्पांच्या घरी गेले. त्यांना ताप भरला होता. कॉटवर पडून होते, सून बाहेर धुणं वाळत घालत होती. मी पायाशी बसले. माफी कशी मागायची ते घरून पाठ करून आले होते, तोंडून निघालं दुसरंच.

“अप्पा, मी जात नाही यंदा,” मी म्हणाले. “तुमचं बरोबर होतं.”

“काय बरोबर होतं?”

“हात पडत होता माझा.”

त्यांनी पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाले, “तुझा हात पडत न्हवता.”

“म्हणजे?”

“पडतोय का न्हाई, मला कसं कळणार? तू मला दिसतच न्हवतीस.”

मी पुढे सरकले.

“श्रावणापासनं असं चाललंय. आधी पलीकडचा काठ गेला. मग टोप्या गेल्या. दोन हातांच्या पुढचं सगळं एक व्हतंय, पाणी आन् आभाळ. त्या दिवशी पाचव्या फेरीला तू गेलीस ती मला परत सापडलीच न्हाईस. आवाज पण न्हाई. मी म्हटलं, गेली. मग पायरीजवळ पाणी वाजलं, तवा शिट्टी मारली. तू हाईस का न्हाई, तेवढंच बघायचं होतं.”

“मग तसं सांगायचं ना!”

“काय सांगायचं? की राखणदार आंधळा झालाय?” ते उठून बसायला लागले, मी उशी सरकवली. “सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा गाठला असता. बरोबरच केलं असतं म्हणा. पण मग मी सकाळी उठून कुठं जायचं? ह्या खोलीत बसायचं?”

बसायचं.  माझ्या डंकावरची खुर्ची मला दिसली. ह्याच एका शब्दापासून मी तीन वर्षं पळत होते आणि समोरचा माणूसही त्याच्यापासूनच पळत होता. आणि मी त्याला म्हणाले होते, तुम्ही सगळ्यांसारखेच.

“चपला तेवढ्या दिसत होत्या,” अप्पा म्हणाले. “जवळ असतात. न्हाई दिसल्या तर हात लावून मोजता येतात. तेवढ्यावर तुम्हाला सांभाळत होतो, पोरी. म्हणून म्हणत होतो, चपला घाल.”

मी त्यांचे पाय धरले.  बाहेर सून धुणं झटकत होती.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “सत्त्याण्णव मिनिटं होती म्हणालीस न्हवं?”

“हो.”

“मग जा तू. येतंय तुला.”

“असं नको. आठ फेऱ्या करून दाखवते.”

पुढच्या रविवारी त्या केल्या. अप्पांशेजारी सदानंद उभा राहिला. अप्पा दर मिनिटाला विचारायचे, “दिसतीय?” आणि सदानंद म्हणायचा, “दिसतीय.” तो माझ्याशी पहिल्यांदा हसला तो त्या दिवशी, मी एकशे एकोणतिसाव्या मिनिटाला पायरीला हात लावला तेव्हा. मी चपला घातल्या, मग बोलले. दिवाळीनंतर आम्ही सहाजणांनी अप्पांना जवळजवळ उचलूनच मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं.

नोव्हेंबरात मी गेले. परदेशातलं एक बेट, पहाटेच उकडायला लागलेलं, किनाऱ्यावर हजारभर माणसं. सगळ्यांनी आपलं सामान नंबराच्या पिशव्यांत भरून आधीच जमा केलेलं, पाण्याकडे सगळे अनवाणी. माझ्या पायात चपला होत्या. त्याच. सवयीने मी त्या वाळूत काढल्या, सरळ, समुद्राकडे तोंड करून, आणि पाण्यात शिरले.

समुद्र तळ्यासारखा नव्हता. खारट लाटा तोंडात येत होत्या, कुणाची तरी टाच नाकावर बसली. पण मी पोहले. पोहण्याला दोन तास वीस मिनिटं दिलेली होती, मी दोन तास नऊ मिनिटांत बाहेर आले. तिथल्या पोरी टाळ्या वाजवत होत्या, सायकलींकडे बोट दाखवत होत्या. मी चार पावलं पळाले आणि मागे वळून बघितलं.

आम्ही शिरलो ती जागा दोनशे-अडीचशे मीटर मागे होती. गर्दी ओसरली होती. मोकळी वाळू, आणि तिच्यावर पाण्याच्या कडेला एकच जोडी.

ते मला बघवलं नाही. तिथे त्या चपलांना कुणी ओळखत नव्हतं, कुणी त्या मोजणार नव्हतं, हे मला कळत होतं. स्पर्धेत एकेक मिनिट मोलाचं असतं, हेही कळत होतं. तरी मी उलट दिशेने पळत सुटले. एक माणूस झेंडा हलवत माझ्यामागे आला, ओरडला, चुकीची वाट आहे म्हणत असावा. ओल्या वाळूत पाय रुतत होते. जाऊन, चपला घेऊन यायला आणि धापा आवरायला सहा मिनिटं गेली.

सायकलवर दिवसभर ऊन आणि वारा. संध्याकाळी सहाच्या आत एकशे ऐंशी किलोमीटर पुरे करायचे होते. मी पोहोचले तेव्हा घड्याळात सहा वाजून चार मिनिटं झाली होती. एका भल्या माणसाने हसत, फार हळुवारपणे माझ्या घोट्यावरची वेळ मोजायची पट्टी सोडवून घेतली. पळण्याचा रस्ता समोर दिसत होता. माझ्यासाठी तो बंद झाला होता. मी रस्त्याच्या कडेला बसले आणि खूप रडले. तीन वर्षं, आणि चार मिनिटं. मागे पळाले नसते, तरी सायकलवर ती सहा मिनिटं कुठेतरी गेलीच असती, असं मी मनाला समजावलं. पण ती सहा माझी मी दिलेली होती.

मग सायकलचे बूट बदलले, पिशवीतून फोन काढला आणि घरी लावला. सदानंदने उचलला. अप्पा त्याच्याशेजारीच बसून होते, दुपारपासून आमच्याच घरी.

“झालं नाही,” मी म्हणाले. “चार मिनिटांनी राहिलं.”

सदानंदने ते अप्पांना सांगितलेलं मला ऐकू आलं. मग फोन त्यांच्या हातात गेला. पोहण्याचं काय झालं, सायकलला काय नडलं, त्यांनी काहीच विचारलं नाही.

“चपला?” अप्पांनी विचारलं.

“पायात आहेत,” मी म्हणाले.